थंडीत गिअर उशिरा पकडतो: जुन्या ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला दोष कसा शोधायचा

शून्याखालची सकाळ. इंजिन चालू झालं, लिव्हर डी (ड्राइव्ह) वर आणला, तरी ट्रक जागचा हलत नाही. चार-पाच सेकंद जातात आणि मग दाणकन झटका बसून गिअर पकडतो. पंधरा-वीस किलोमीटर चालल्यावर तोच गिअरबॉक्स काही झालंच नव्हतं असा मऊ चालतो. अशा वेळी मालकाला बहुधा दोनच सल्ले मिळतात. एक, थंडीने होतं, सोडून द्या. दुसरा, गिअरबॉक्स खोलावा लागेल. दोन्ही घाईचे आहेत. तक्रार कोणत्या गिअरमध्ये येते, किती सेकंद टिकते, दिवसातून एकदाच येते की परत परत येते, आणि ऑइल किती तापलं की जाते, या चार गोष्टी नीट टिपल्या तर दोष कुठे आहे हे बऱ्याचदा पाना हातात घेण्याआधीच कळतं.

इथली माहिती मुख्यतः १९६० ते २००० च्या दशकांतल्या पिकअप आणि हलक्या ट्रकांच्या गिअरबॉक्सना लागू आहे: जनरल मोटर्सचे (जीएम) टीएच-३५०, टीएच-४००, ७००आर४ आणि ४एल६०ई, फोर्डचे सी६, एओडी आणि ई४ओडी, क्रायस्लर-डॉजचे ७२७ आणि त्यापुढचे ४६-४७ मालिकेतले.

थंडीत आत काय घडतं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, एकाच वेळी तीन कामं करतं. क्लचच्या पिस्टनला दाब देतं, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणारा भाग) ताकद पुढे नेतं आणि सगळ्याला वंगण पुरवतं. डेक्सरॉन-३ जातीचं ऑइल १०० अंश सेल्सिअसला साधारण ७ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप, आकडा मोठा तितकं ऑइल घट्ट) इतकं पातळ असतं. ४० अंशांना ते ३४ च्या आसपास जातं. उणे ४० अंशांना त्याचा घट्टपणा २०,००० सेंटीपॉइजपर्यंत (हे घट्टपणाचं दुसरं माप) चालेल, अशी त्याच्या मानकातच मुभा आहे. असं मधासारखं ऑइल पंपाला जाळीतून ओढायचं असतं. जाळी अर्धी तुंबलेली असली तरी उन्हाळ्यात काम निभावतं, पण थंडीत पंप उपाशी राहतो.

दुसरी गोष्ट रबराची. क्लचच्या पिस्टनभोवती ओठासारखी कड असलेले रबरी सील असतात. वीस-तीस वर्षं तापून-निवून हे रबर कडक होतं आणि आक्रसतं. थंडीत ते आणखी आखडतं, कड सिलेंडरच्या भिंतीला टेकत नाही आणि दाबाखालचं ऑइल बाजूने निसटून जातं. ऑइल तापलं की सील थोडं मऊ होऊन फुगतं आणि गळती थांबते. 'गरम झाल्यावर ठीक' या लक्षणाचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी एक सवय मोडा. गिअर पकडत नाही म्हणून ॲक्सिलरेटर दाबून रेस करू नका. अडीच हजार आरपीएमवर फिरणाऱ्या क्लचमध्ये दाब अचानक भरला की प्लेटा घसरत घसरत पकडतात, अस्तर जळतं, आणि कधी युनिव्हर्सल जॉइंट किंवा स्प्रॅगही (एकाच दिशेने फिरू देणारा क्लच) तुटतो. सीलचा दोष वर्ष-दोन वर्षं सांभाळता येतो, जळालेला क्लच येत नाही. शिवाय उशिरा पकडणारा ट्रक समोर उभ्या असलेल्या माणसावर उडी घेतल्यासारखा जातो. तपासणी करताना हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, चाकांना ठोकळे आणि पुढे-मागे कोणी नाही, ही खबरदारी प्रत्येक वेळी घ्या.

एका सकाळची नोंद

ट्रक रात्रभर बाहेर उभा राहू द्या. सकाळी हवेचं तापमान लिहा. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात चोक लागलेला असताना आयडलिंग १२०० ते १५०० आरपीएमवर असतं आणि तेव्हा गिअर टाकला तर निरोगी गिअरबॉक्सलाही झटका बसतो. म्हणून आरपीएम हजाराच्या खाली येईपर्यंत थांबा. मग मोबाइलचं स्टॉपवॉच लावून एन (न्यूट्रल) वरून डी वर या आणि ट्रक पुढे झुकल्याचं जाणवेपर्यंतचे सेकंद मोजा. परत एन, मग आर (रिव्हर्स), पुन्हा सेकंद. हाच क्रम लगेच आणखी दोनदा करा. नंतर पाच-पाच मिनिटांनी, चेंबरच्या तळाशी इन्फ्रारेड थर्मामीटर धरून तापमान घेत हेच मोजा. चेंबर म्हणजे गिअरबॉक्सच्या खालचा पत्र्याचा पॅन.

गरम गिअरबॉक्समध्ये एक ते दीड सेकंदात गिअर पकडला पाहिजे. कडक थंडीत दोन, फार तर तीन सेकंद चालतात. त्यापुढचा आकडा दोषाचा.

या नोंदीतून तीन वेगळी चित्रं निघतात. पहिल्यांदाच उशीर झाला आणि ऑइल अजून गार असतानाच दुसऱ्या-तिसऱ्या वेळी चटकन पकडला, तर रात्रीत टॉर्क कन्व्हर्टर रिकामा होतो आहे. प्रत्येक वेळी उशीर होतो आणि तापमानाबरोबर हळूहळू कमी होतो, तर सील कडक झाले आहेत किंवा ऑइल कमी आहे. डी आणि आर दोन्हींत उशीर, सोबत पंपाची किंवा स्टिअरिंग पंपासारखी घरघर, तर फिल्टर किंवा ओढणीच्या बाजूने शिरणारी हवा. उलट, गार असताना उत्तम आणि तापल्यावर घसरतो, असं असेल तर ती झिजलेल्या पंपाची किंवा बुशची तक्रार आहे, तिचा थंडीशी संबंध नाही.

एक फसवं लक्षणही ध्यानात ठेवा. मागच्या एक्सलमध्ये ८५डब्ल्यू-१४० सारखं जाड गिअर ऑइल भरलेलं असेल तर सकाळी ट्रक ओढत चालल्यासारखा वाटतो आणि दोष गिअरबॉक्सवर जातो. जॅकवर मागची चाकं उचलून एन मध्ये हाताने फिरवून पाहिली की हे लगेच समजतं.

ऑइलची पातळी: इथे बहुतेक जण चुकतात

एटीएफ तापल्यावर फुगतं. दहा लिटर ऑइल २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की साधारण अर्ध्या लिटरहून थोडं जास्त वाढतं. उणे २० ते ९० अंश हा फरक धरला तर ही वाढ नऊशे मिलिलिटरच्या घरात जाते. म्हणजे गरम असताना अर्धा लिटर कमी असलेला ट्रक उन्हाळाभर तक्रार करणार नाही, पण गोठलेल्या सकाळी चेंबरमधली पातळी इतकी खाली असते की वळणावर किंवा चढावर फिल्टर उघडा पडून पंप हवा ओढतो. थंडीतल्या तक्रारींत पातळी सर्वांत आधी तपासायची ती यासाठी.

तपासायची पद्धत कंपनीप्रमाणे बदलते. जीएम आणि फोर्डच्या वर सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू, लिव्हर पी (पार्क) वर. क्रायस्लर-डॉजच्या ७२७ आणि त्याच्या घराण्यातल्या गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू, लिव्हर एन वर, कारण त्यांच्यात पी वर असताना कन्व्हर्टरला ऑइल जातच नाही. पी वर मोजलं तर पातळी खोटी जास्त दिसते आणि मालक निर्धास्त राहतो.

ट्रक सपाट जागी उभा करा. वीसेक किलोमीटर चालवून ऑइल ७० ते ९० अंशांवर आणा. लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा, प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद थांबा. मग डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण बसवा, पुन्हा काढा, आणि दोन्ही बाजूंपैकी जिथे खूण खालची दिसते ती खरी माना. नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल दुसऱ्या बाजूला चढलेलं दिसतं. बऱ्याच ट्रकांच्या डिपस्टिकवर 'ॲड' आणि 'फुल' यांतलं अंतर सुमारे अर्ध्या लिटरचंच असतं, पण इंजिन ऑइलच्या सवयीने लोक तिथे लिटरभर ओततात. पातळी वर गेली की फिरत्या भागांना ऑइल लागून फेस होतो, आणि फेसाळलेल्या ऑइलची लक्षणं ऑइल कमी असल्यासारखीच दिसतात. म्हणून २५० मिलिलिटरच्या टप्प्याने भरा.

पांढऱ्या कागदी रुमालावर एक थेंब टाका. तांबूस, पारदर्शक, आपोआप पसरणारा थेंब चांगला. तपकिरी आणि करपट वासाचा थेंब म्हणजे क्लच जळाल्याची खूण. गुलाबी दुधासारखा दिसला तर रेडिएटरच्या आतला कुलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरला आहे. त्या वेळी ट्रक अजिबात चालवू नका. पाणी आणि ग्लायकॉलने क्लच प्लेटांवरचं अस्तर चिकटवणारा गोंद सुटतो, आणि थंडीत त्यातलं पाणी जाळीवर गोठून पंपाचा घसा आवळतं.

कोणतं ऑइल घालायचं यावर तडजोड नको. डेक्सरॉन-३ मागणाऱ्या जीएम गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन-६ चालतं. थंडीत ते अधिक वाहतं, कारण उणे ४० अंशांना त्याची मर्यादा १५,००० सेंटीपॉइज आहे. क्रायस्लरच्या एटीएफ+३ च्या जागी एटीएफ+४ वापरता येतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या फोर्ड सी६ ला टाइप-एफ लागतं. त्याची पकड वेगळी, घर्षण कमी करणारं द्रव्य त्यात नसतं, म्हणून ते दुसऱ्या जातीत मिसळू नका. ऑइल पातळ व्हावं म्हणून रॉकेल किंवा डिझेल घालायचा जो उपाय सांगितला जातो, त्याने सील आणि अस्तर दोन्ही जातात.

चेंबर उतरवणं

पातळी बरोबर असूनही उशीर होत असेल तर पुढची पायरी फिल्टर. हे काम घरच्या अंगणात होतं, पण आधी ट्रक जॅक-स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. ऑइल कोमट असावं, उकळतं नको.

बऱ्याच जुन्या चेंबरना ड्रेन नट नसतो. मागच्या बाजूचे बोल्ट दोन-तीन आटे ढिले ठेवा, पुढचे आणि बाजूचे काढा, मग चेंबर हलकेच खाली झुकवा आणि ऑइल मापं असलेल्या भांड्यात उतरवा. टीएच-३५०, टीएच-४०० आणि ७२७ मधून असं सुमारे चार लिटर निघतं, ७००आर४ आणि ४एल६०ई मधून पावणेपाचच्या आसपास, जीएमच्याच ४एल८०ई मधून सात लिटरांहून थोडं जास्त. बाकीचं ऑइल कन्व्हर्टर आणि कुलरमध्येच राहतं. किती निघालं ते लिहून ठेवा, भरताना हाच आकडा कामी येतो.

चेंबरचा तळ न पुसता आधी उजेडात धरा. लोहचुंबकावर करडी-काळी मऊ पेस्ट असणं ठीक आहे, इतक्या वर्षांत तेवढी जमतेच. पितळी कण दिसले तर बुश किंवा थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. काळे, बोटाने चुरडता येणारे तुकडे क्लचच्या अस्तराचे. कडक, तुटक काळे रबराचे कण पिस्टन सीलचे, आणि ते दिसले की तक्रारीचं मूळ सापडलं. फोर्डचा चेंबर पहिल्यांदाच उतरत असेल तर एखादं प्लास्टिकचं बूच आत पडलेलं दिसेल. कारखान्यात डिपस्टिकचं भोक बंद ठेवायला वापरलेलं ते बूच ट्रक जोडताना आत ढकललेलं असतं. त्याने घाबरू नका, काढून टाका.

फिल्टर बदलताना नजर त्याच्या गळ्याकडे ठेवा. ७००आर४ आणि ४एल६०ई मध्ये फिल्टरचा गळा पंपाच्या भोकात रबरी सीलमधून घुसतो. टीएच-४०० मध्ये ओढणीच्या नळीवर ओ-रिंग असते. हे रबर कडक झालं की थंडीत आक्रसतं आणि तिथून पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. फिल्टर नवा आणि सील जुनंच ठेवलं तर सकाळची तक्रार जशीच्या तशी राहते. जुनं सील भोकात अडकून राहतं. ते काढताना ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर तिथून कायमची हवा शिरेल, तेव्हा स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. सीलची धातूची कड छोट्या छिन्नीने आतल्या बाजूला दुमडा आणि पकडीने ओढून काढा. नव्या सीलला एटीएफ लावून फिल्टर सरळ दाबा.

चेंबरच्या कडेला बोल्टांच्या भोकांभोवती पत्रा खाली दबलेला असतो. सपाट लोखंडावर ठेवून उलट्या बाजूने हातोडीने तो पातळीत आणा, नाहीतर नवं पॅकिंगही गळेल. बोल्ट आडवे-तिडवे, दोन टप्प्यांत आवळा: ४एल६०ई ला ११ न्यूटन-मीटर, ७२७ ला १७ च्या आसपास. जास्त आवळून पॅकिंग चिरडू नका. निघालं त्याहून अर्धा लिटर कमी ऑइल भरा, इंजिन चालू करून सगळे गिअर फिरवा आणि उरलेलं टप्प्याटप्प्याने पूर्ण करा.

दीड लाख किलोमीटर ज्याचं ऑइल कधी बदललं नाही, त्याला मशीन लावून दाबाने फ्लश करू नका. जमलेला मळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा झडपांचा भाग) बारीक वाटांत अडकतो. चेंबर उतरवून बदल करा आणि हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा करा.

रात्रीत रिकामा होणारा कन्व्हर्टर

इंजिन बंद झालं की कन्व्हर्टरमधलं ऑइल तिथेच राहायला हवं. पंपाचं बुश झिजलं, किंवा कुलरच्या वाटेतला एकमार्गी व्हॉल्व्ह नीट बसत नसला, की रात्रभरात ऑइल झिरपून चेंबरमध्ये उतरतं. सकाळी पंप आधी कन्व्हर्टर भरतो आणि तोवर ट्रक हलत नाही. डॉजमध्ये ही तक्रार विशेष आढळते, कारण मालक इंजिन पी वर तापवतो आणि पी वर कन्व्हर्टर भरतच नाही.

खात्री करायची चाचणी अशी: रात्रभर उभा असलेला ट्रक चालू करा, हँडब्रेक ओढून लिव्हर थेट एन वर आणा, पंधरा ते तीस सेकंद आयडलवर राहू द्या, मग डी टाका. लगेच पकडला तर दोष हाच, आणि क्लच-सील निर्दोष आहेत. या दोषाने गिअरबॉक्स लवकर मरत नाही. रोज सकाळी अर्धा मिनिट एन वर थांबायची सवय लावली तरी वर्षानुवर्षं चालतं. मात्र चेंबरमधली पातळी फार वर जाऊन लिव्हरच्या शाफ्टच्या सीलमधून किंवा डिपस्टिकच्या नळीतून जमिनीवर गळायला लागलं, तर पंपाचं बुश आणि सील बदलायची वेळ आली.

कोणतं सील, हे गिअरवरून ओळखा

टीएच-३५०, टीएच-४००, सी६ आणि ७२७ या चौघांत रिव्हर्स आणि तिसरा गिअर एकच क्लच वाटून घेतात. म्हणून गार असताना रिव्हर्सला उशीर होतो आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिनचे आरपीएम उगाच उडतात, असं जोडीने दिसलं, तर त्या सामायिक क्लचचं पिस्टन सील गेलं आहे. रिव्हर्सला उशीर पण तिसरा उत्तम, तर शंका लो-रिव्हर्सवर, म्हणजे पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला लागणाऱ्या पट्ट्यावर (ड्रमला बाहेरून आवळणारा बँड) किंवा क्लचवर. लिव्हर १ वर टाकून उतारावर ॲक्सिलरेटर सोडा. इंजिन गाडी रोखत नसेल तर लो-रिव्हर्सचा पट्टा किंवा क्लच पकडत नाही. फक्त डी ला उशीर आणि आर झटपट, तर फॉरवर्ड क्लच. ७००आर४ आणि ४एल६०ई ला हा हिशेब लावू नका, त्यांचा रिव्हर्सचा क्लच वेगळा आहे.

पट्ट्याचं ॲडजस्टमेंट बाहेरून करता येत असेल तर खोलण्याआधी ते करा. सी६ मध्ये इंटरमीडिएट पट्ट्याचा स्क्रू सुमारे १३.५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळून दीड फेरी उलट फिरवायचा आणि लॉकनट नवा घालायचा. ७२७ च्या पुढच्या पट्ट्याला आधी ८ न्यूटन-मीटर, मग किती फेऱ्या मागे हे वर्षागणिक बदलतं. ते त्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

सील मऊ करणाऱ्या बाटल्यांबद्दल: उशीर दोन-तीन सेकंदांचा असेल तर काही आठवड्यांत फरक पडू शकतो, कारण त्यातली द्रव्यं रबर फुगवतात. चिरलेलं सील मात्र त्यांनी जोडलं जात नाही. एक बाटली घालून हिवाळा काढणं समजण्यासारखं आहे. दुसरी घालण्यापेक्षा ते पैसे सीलच्या किटसाठी ठेवावेत.

व्हॅक्यूम, केबल आणि लिंकेज

टीएच-३५०, टीएच-४०० आणि सी६ ला इंजिनवरचा भार व्हॅक्यूम मॉड्युलेटरमधून कळतो. थंडीत त्याच्या नळीची रबरी टोकं कडक होऊन तडकतात, हवा शिरते, आणि गिअरबॉक्सला वाटतं ॲक्सिलरेटर सतत दाबलेला आहे. गिअर उशिरा आणि दणक्यात बदलतात. मॉड्युलेटरच्या टोकाशी गेज लावा. निरोगी इंजिनात आयडलवर १७ ते २१ इंच पारा यायला हवा. नळी काढल्यावर आत लाल ऑइल दिसलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला आहे. इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं, सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो आणि पातळी गळती न दिसता घटते.

७००आर४ आणि एओडी मध्ये हे काम थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल किंवा दांडा करतो. केबलच्या आवरणात पाणी शिरून गोठलं तर ती अडकते. ॲक्सिलरेटर दाबून सोडल्यावर केबल आपोआप पूर्ण मागे येते का, हे गारठ्यातच पाहा. ७००आर४ मधली केबल ढिली असेल तर दाब कमी पडून क्लच काही दिवसांत जळतो, म्हणून ती तुटलेली किंवा निखळलेली असताना ट्रक हलवूच नका.

लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्यांचे नायलॉन बुश झिजले की आत डी पूर्ण बसत नाही. ट्रकखाली जाऊन, इंजिन बंद ठेवून, गिअरबॉक्सवरचा आडवा दांडा हाताने खाच-खाच फिरवा आणि केबिनमधला लिव्हर त्याच खाचांशी जुळतो का पाहा.

इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स

४एल६०ई, ई४ओडी आणि त्यांच्या पुढच्यांत आधी बॅटरी तपासा. थंडीत व्होल्टेज पडलं की संगणक सोलेनॉइडवरचा (ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या विजेच्या झडपा) विश्वास सोडून एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत, आणि इंजिन ब्लॉक ते चासी ही अर्थची तार गंजलेली नको. १९९६ पासूनच्या ट्रकना स्कॅनर लावा. पी०७११ हा दोषाचा कोड आला तर ऑइलच्या तापमानाचा सेन्सर चुकीचं सांगतो आहे. ४एल६०ई मध्ये त्याचा रोध २० अंशांना सुमारे ३,५०० ओहम आणि १०० अंशांना २०० च्या आत असतो. शिफ्ट सोलेनॉइड २० अंशांना वीस-पंचवीस ओहम दाखवतात, दाबाचा सोलेनॉइड साडेतीन ते साडेचार. गिअरबॉक्सच्या कुशीतला मोठा कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट गंज किंवा ओल आहे का पाहा. रात्री गोठलेली ओल तासाभराने वितळते आणि दोष आपोआप गायब झाल्यासारखा वाटतो.

हिवाळ्यात ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) किंवा लॉक-अप (कन्व्हर्टरला घसरण न होता थेट जोडणारा क्लच) लागतच नाही, ही तक्रार कित्येकदा इंजिनच्या थर्मोस्टॅटची निघते. तो उघडाच अडकला की कूलंट ५०-६० अंशांच्या वर जात नाही, आणि ठरलेलं तापमान आल्याशिवाय संगणक लॉक-अप देत नाही. पंधरा मिनिटं चालवल्यावर रेडिएटरची वरची नळी ८० अंशांच्या आसपास नसेल तर आधी थर्मोस्टॅट बदला. लॉक-अप लागलेला आहे का, हे पाहायला एकसारख्या वेगात ब्रेक पेडलला हलकासा स्पर्श करा. आरपीएम दोन-तीनशेने उडाले तर लागलेला होता.

दाब मोजणं

इतकं करूनही उत्तर मिळालं नाही तर ३०० पीएसआयपर्यंतचं गेज लागेल. बहुतेक गिअरबॉक्सच्या अंगावर दाब घेण्यासाठी पाव इंचापेक्षा लहान आट्यांचं बूच असतं. मॅन्युअलमध्ये जागा पाहून तिथे गेज जोडा आणि नळी एग्झॉस्टपासून दूर बांधा. गार असताना आणि गरम झाल्यावर, पी, एन, डी, आर चारही ठिकाणी आयडलवरचे आकडे लिहा. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये आयडलला हा आकडा ५५ ते ९० पीएसआयच्या दरम्यान येतो आणि रिव्हर्सला बराच वर जातो.

गार असताना सगळीकडेच दाब कमी आणि सुई थरथरते, तर ओढणीची बाजू: पातळी, फिल्टर, गळ्याचं सील, पंप. एन वर चांगला आणि फक्त एका गिअरमध्ये टाकल्यावर कोसळतो, मग तापल्यावर सावरतो, तर त्या गिअरच्या क्लचच्या सीलमधून गळती. दाब सगळीकडे योग्य आणि तरी घसरतो, तर क्लचचं अस्तरच संपलं आहे.

तोवर चालवायचं कसं

पी वर अर्धा तास इंजिन चालू ठेवल्याने इंजिन तापतं, गिअरबॉक्स नाही. एटीएफला मुख्य उष्णता मिळते ती भाराखाली फिरणाऱ्या कन्व्हर्टरमधून. दोन-तीन मिनिटं आयडल, त्यातलं अर्धा-एक मिनिट एन वर, मग गिअर पकडल्याची खात्री करून पहिले आठ-दहा किलोमीटर हलक्या पायाने, जड ओझं न ओढता. बाहेरून बसवलेला हवेचा कुलर असेल आणि त्याला तापमानाप्रमाणे वाट बदलणारा व्हॉल्व्ह नसेल, तर कडाक्याच्या दिवसांत त्याच्यापुढे पुठ्ठा लावा. चढ सुरू झाले किंवा ट्रेलर जोडला की काढा. उणे २५ च्या खाली राहणाऱ्या जागी चेंबरच्या तळाला चिकटवायचा १२५ ते २५० वॅटचा हीटर पॅड दोन-तीन तास आधी लावणं, हा गिअरबॉक्सचं आयुष्य वाढवणारा सगळ्यात साधा उपाय आहे.

खोलायची वेळ आली तर

शून्य अंशाला पाच सेकंदांहून जास्त उशीर, दर महिन्याला वाढणारा आकडा, किंवा चेंबरमध्ये रबराचे आणि अस्तराचे तुकडे: यांतलं काहीही दिसलं की हिवाळा संपायची वाट पाहत चालवत राहू नका. अजून फक्त सील गेले आहेत, पोलादी प्लेटा आणि ड्रम शाबूत आहेत, अशा वेळी खोललेला गिअरबॉक्स कमीत कमी भागांत उभा राहतो.

व्हॉल्व्ह बॉडी उतरवल्यावर, गिअरबॉक्स पुढे खोलण्याआधी, क्लचच्या वाटांत ४० पीएसआयची कोरडी हवा सोडून पाहा. निरोगी क्लच 'ठक' असा भरीव आवाज करतो, फाटक्या सीलचा नुसता फुसफुसतो. सीलची कड नेहमी दाब येणाऱ्या बाजूला. जोडताना पेट्रोलियम जेली वापरा, चासीचं ग्रीस नको, कारण ते एटीएफमध्ये विरघळत नाही आणि बारीक वाटा बुजवतं. कड उलटू नये म्हणून पिस्टन बसवताना पातळ तारेचा फासा किंवा फीलर गेजची पाती भोवती फिरवत जा. क्लच पॅकमधली मोकळीक साधारणपणे प्रत्येक अस्तरी प्लेटमागे पाव मिलिमीटर, आणि नेमका आकडा मॅन्युअलप्रमाणे. नव्या प्लेटा बसवण्याआधी अर्धा तास एटीएफमध्ये बुडवून ठेवा.

आत काळा कचरा सापडला असेल तर कन्व्हर्टर बदला, तो धुऊन स्वच्छ होत नाही. कुलर आणि त्याच्या नळ्या दोन्ही दिशांनी धुवा आणि ऑइल गरम असताना परतीची नळी भांड्यात धरून प्रवाह मोजा. आयडलवर २० सेकंदांत जवळजवळ एक लिटर यायला हवं. त्यानंतरच्या पहिल्या गोठलेल्या सकाळी जुनीच नोंदवही घ्या आणि त्याच क्रमाने डी आणि आर चे सेकंद पुन्हा मोजा.